चीनची आडवळणाची बंदरं: जाण्याआधी पडणारे प्रश्न

चीनला जायचं म्हटलं की बेजिंग, शीआन, शांघाय ही यात्रा ठरलेलीच. त्या वाटेने एकदा जाऊन आलेल्यांसाठी, किंवा गर्दीची पहिल्यापासूनच नावड असलेल्यांसाठी, ही माहिती आहे. समुद्रकिनाऱ्यावरची जी शहरं आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या यादीत नसतात, त्यांच्याबद्दल लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. छ्वानचौला यात झुकतं माप आहे. ते मुद्दाम दिलेलं आहे.

यातली शहरं कोणती? आणि एकच निवडायचं तर?

दक्षिणेकडून वर जात गेलं तर क्वांगशी प्रांतातलं बेहाय, क्वांगतुंगमधलं शानथौ, फूच्यानमधली श्यामेन आणि छ्वानचौ, चच्यांगमधलं निंगबो, शानतुंगमधली यान्ताय आणि वेहाय, आणि अगदी उत्तरेला दालियान. श्यामेनला चिनी पर्यटकांची तोबा गर्दी असते, त्यामुळे त्याला 'आडवळणाचं' म्हणणं जरा ताणल्यासारखं आहे. पण भारतीय माणूस तिथे क्वचितच दिसतो.

एकच निवडायचं तर छ्वानचौ. चार दिवस तिथेच राहा. आठवड्यात पाच बंदरं उरकायचा बेत आखाल तर रेल्वे स्टेशनं तेवढी लक्षात राहतील.

छ्वानचौ म्हणजेच क्वांगचौ ना?

नाही, आणि तिकीट काढताना हा घोळ महागात पडतो. क्वांगचौ म्हणजे जुनं कँटन, जिथे भारतातून थेट विमानं जातात. छ्वानचौ तिथून बरंच ईशान्येला, तैवानच्या सामुद्रधुनीवर आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर 'क्यू' आहे ना, हे बघा. 'जी' असेल तर तुम्ही कँटनला निघाला आहात. त्यात चच्यांग प्रांतात 'क्यू'नेच सुरू होणारं छूचौ नावाचं आणखी एक शहर आहे. म्हणून प्रांताचं नाव फूच्यान आहे का, तेही तपासा.

छ्वानचौमध्ये आहे तरी काय?

सोंग आणि युआन राजवटींच्या काळात, म्हणजे साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकात, हे जगातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक होतं. अरब व्यापारी त्याला झैतून म्हणत. मार्को पोलोने त्याचं वर्णन केलं आहे आणि मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूताही इथे येऊन गेला. पुढे बंदरात गाळ भरत गेला, व्यापार दुसरीकडे वळला आणि शहर मागे पडलं. मागे पडल्यामुळेच बरंच काही टिकलं, असं मला वाटतं. 2021 साली इथली 22 ठिकाणं मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

सुरुवात खाय-युआन मंदिरापासून करा. इ. स. 686मध्ये स्थापन झालेलं हे बौद्ध मंदिर शहराच्या जुन्या पश्चिम रस्त्यावर आहे. आवारात तेराव्या शतकातले दोन दगडी मनोरे आहेत, दोन्ही चाळीस मीटरांहून उंच. त्याच आवारात एका वेगळ्या दालनात सोंग काळातलं जहाज ठेवलेलं आहे. 1974 साली ते बंदराच्या चिखलातून उकरून काढलं. तळाचाच भाग उरला आहे, पण त्यातले आडवे पडदे आणि त्यांनी पाडलेले तेरा कप्पे स्पष्ट दिसतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी जहाज बुडू नये, अशी ही रचना. आत सापडलेल्या मालात सुगंधी लाकूड, मिरी आणि चक्क सुपारी होती.

मंदिरातून चालत जाता येईल अशा अंतरावर 1009 साली बांधलेली छिंगचिंग मशीद आहे. तिच्या शेजारीच क्वान-यू देवाचं देऊळ आहे, उदबत्त्यांच्या धुराने भरलेलं. थोडं दक्षिणेला गेलं की समुद्राची देवी माझू हिचं 1196चं मंदिर. शहराबाहेर चिनच्यांगमध्ये छाओ-आन नावाचं छोटंसं देऊळ आहे, तिथे मानी या इराणी धर्मसंस्थापकाची दगडी मूर्ती अजून पुजली जाते. मानीचा धर्म जवळपास सगळ्या जगातून नाहीसा झाला. इथे मात्र त्याला बुद्ध समजून उदबत्ती लावतात.

लोयांग पूल चुकवू नका. 1053 ते 1059 या काळात तो खाडीच्या तोंडावर बांधला गेला. खांबांचे दगड एकमेकांना धरून राहावेत म्हणून बांधणाऱ्यांनी त्यांवर कालवं वाढवली. कालवांच्या कवचांनीच सांधे पक्के केले. हे बघायचं तर ओहोटीच्या वेळी जा. भरतीला नुसता पूल दिसतो, ओहोटीला होडीच्या आकाराचे खांब आणि त्यांवर चिकटलेली कालवं दोन्ही दिसतात. भरती-ओहोटीच्या वेळा हॉटेलात विचारल्या तर मोबाइलवर काढून देतात.

तिथे हिंदू शिल्पं आहेत असं ऐकलं. खरं आहे की व्हॉट्सअॅपवरची गोष्ट?

खरं आहे, फक्त बघायला थोडं मागे जावं लागतं. खाय-युआन मंदिराच्या मुख्य सभागृहासमोर सगळे फोटो काढतात आणि परततात. तुम्ही वळसा घालून मागच्या ओवरीत जा. तिथे गडद हिरवट दगडाचे दोन खांब बाकीच्या खांबांपेक्षा वेगळे दिसतात. त्यांना सोळा बाजू आहेत आणि मध्ये मध्ये गोल चौकटी कोरल्या आहेत. एका चौकटीत नरसिंह हिरण्यकशिपूचं पोट फाडतो आहे. दुसरीत उखळाला बांधलेला बाळकृष्ण दोन झाडांच्या मधून जातो आहे. चिनी वाटाड्याला हे सांगता येईलच असं नाही. आपल्याला मात्र पाटी न वाचता ओळखू येतं. समोरच्या चौथऱ्याच्या पट्टीवरही माणसाच्या तोंडाचे सिंह कोरलेले आहेत, सत्तरहून अधिक.

ही शिल्पं इथे आली ती युआन काळातल्या एका शिवमंदिरातून. ते मंदिर दक्षिण भारतातल्या तमिळ व्यापाऱ्यांचं होतं. 1956 साली शहरात एक शिलालेख सापडला. त्यात तमिळमध्ये आणि खाली एका ओळीत चिनी लिपीत मजकूर आहे. संबंध पेरुमाळ नावाच्या माणसाने खानाच्या, म्हणजे मंगोल सम्राटाच्या, आरोग्यासाठी शिवाची स्थापना केली, असं त्यात म्हटलं आहे. त्यावरचं वर्ष आपल्याला आकडेमोड न करता कळतं: शके 1203. म्हणजे 1281, कुब्लाई खानाच्या राजवटीतलं. आपल्या पंचांगावर छापतात तोच हा शक.

मंदिर पुढे मोडलं, दगड शहरभर विखुरले, कुठे तटबंदीत, कुठे घराच्या भिंतीत गेले. बरेचसे आता सागरी व्यापाराच्या संग्रहालयात आहेत. तिथे अरबी, सिरियाक आणि तमिळ कोरीव दगड एकाच छताखाली बघायला मिळतात. अर्धा दिवस ठेवा. सोमवारी जाऊ नका, चीनमधली बहुतेक संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. पासपोर्ट जवळ लागतोच.

प्रत्यक्ष बंदर पाहता येतं का? मोठमोठी जहाजं, क्रेन वगैरे?

जवळून नाही. आजची कंटेनर बंदरं शहरापासून लांब आणि कुंपणाआड असतात. निंगबो-चौशान हे मालाच्या वजनाच्या हिशेबाने जगातलं सर्वांत मोठं बंदर आहे, पण निंगबो शहरात फिरताना त्याचा मागमूस लागत नाही. क्रेनचे फोटो हवे असतील तर फेरीबोटीतून मिळतात. नौदलाच्या गोदीकडे मात्र कॅमेरा वळवू नका. दालियानजवळचं ल्यूशुन, म्हणजे जुनं पोर्ट आर्थर, आजही नौदलाचा तळ आहे. ड्रोन घरीच राहू द्या.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधीच काढावा लागतो. भारतीयांना पर्यटक व्हिसा देणं जुलै 2025मध्ये पुन्हा सुरू झालं. महाराष्ट्रातल्या लोकांचा अर्ज मुंबईतल्या केंद्रात जातो. विमानाची तिकिटं, हॉटेलची बुकिंगं, बँकेचं स्टेटमेंट ही नेहमीची कागदपत्रं लागतात. अद्ययावत यादी केंद्राच्या साइटवर बघा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

यूट्यूबवर 'चीनमध्ये 240 तास व्हिसाशिवाय' असे व्हिडिओ दिसतात. ती सवलत 55 देशांना आहे आणि त्यात भारत नाही. अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांबरोबर जात असाल तर त्यांना ती लागू होईल, तुम्हाला नाही. एकत्र निघून विमानतळावर वेगळं व्हायची वेळ येऊ देऊ नका.

पोहोचायचं कसं?

ऑक्टोबर 2025पासून भारत आणि चीनमधली थेट विमानं पुन्हा सुरू झाली, पण ती क्वांगचौ-शांघायसारख्या मोठ्या शहरांना. श्यामेनसाठी सिंगापूर, क्वालालंपूर किंवा हाँगकाँगमार्गे जाणं सोयीचं पडतं.

माझी आवडती वाट हाँगकाँगवरून जाते. तिथल्या वेस्ट काउलून स्टेशनातच चिनी इमिग्रेशन होतं आणि जलदगती रेल्वे थेट शानथौ, श्यामेनकडे निघते. श्यामेनला साधारण चार तास. त्यासाठी हाँगकाँगच्या विमानतळाबाहेर पडावं लागतं, आणि भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करून तिचा कागद छापून न्यावा लागतो. लोक हे हटकून विसरतात.

श्यामेन ते छ्वानचौ अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. 2023मध्ये फूचौ-श्यामेन नवा मार्ग सुरू झाला, तो छ्वानचौच्या खाडीवरून समुद्रातूनच जातो. पण त्यामुळे शहराला आता तीन स्टेशनं झाली आहेत: छ्वानचौ, छ्वानचौ पूर्व आणि छ्वानचौ दक्षिण. हॉटेल कुठल्याला जवळ आहे ते बघून तिकीट काढा.

रेल्वेचं तिकीट आपल्याला काढता येतं का?

येतं. 12306 हे रेल्वेचं अधिकृत अॅप आहे, पासपोर्टवर खातं उघडता येतं. तिकिटं साधारण पंधरा दिवस आधी खुली होतात. छापील तिकीट नसतं, पासपोर्टच तिकीट. स्वयंचलित फाटकं चिनी ओळखपत्रासाठी आहेत. आपण कडेच्या, माणूस बसलेल्या फाटकातून जायचं. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं आणि मग कुणाचीही विनवणी चालत नाही.

कधी जावं?

फूच्यानसाठी ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते डिसेंबर, किंवा मार्च-एप्रिल. जुलै ते सप्टेंबर चक्रीवादळांचे. निंगबोला जूनमध्ये झडीचा पाऊस असतो. दालियान, यान्ताय यांचं उलट: हिवाळ्यात समुद्रावरचा वारा हाडं गोठवतो, मे-जून आणि सप्टेंबर उत्तम.

1 ते 7 ऑक्टोबर, 1 मेच्या आसपासचे दिवस आणि चिनी नववर्षाचा आठवडा टाळा. या दिवसांत सगळा चीन रस्त्यावर असतो.

मी शुद्ध शाकाहारी आहे. निभेल का?

निभेल, पण कष्टाने, कारण ही समुद्राकाठची माणसं आहेत. भाजीतही वाळवलेली कोळंबी, ऑयस्टर सॉस किंवा डुकराची चरबी पडते, आणि त्यांच्या लेखी ती भाजीच असते. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही.

'वो छ्र सू' म्हणजे 'मी शाकाहारी खातो' हे वाक्य बौद्ध परंपरेमुळे सगळ्यांना कळतं. मोबाइलमध्ये चिनी लिपीत लिहून ठेवा: मांस, मासे, कोळंबी, चरबी, ऑयस्टर सॉस नको. मोठ्या बौद्ध मंदिरांजवळ शाकाहारी खानावळी असतात. श्यामेनच्या नान-फूथुओ मंदिराची तर नावाजलेली आहे. या कट्टर बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींना तिथे बाहेरच्यापेक्षा बरं पडतं. कंदमुळं मात्र असतात. थेपले, चटण्या, इन्स्टंट उपमा बरोबर असू द्या. उकळतं पाणी हॉटेलात, स्टेशनात, गाडीत, सगळीकडे फुकट मिळतं.

आणि आम्ही मासे खाणारे?

मग मजाच. छ्वानचौमध्ये कालवांचं ऑम्लेट रताळ्याच्या पिठात करतात, कडा कुरकुरीत आणि मधे चिकट. सकाळी म्येनश्येन-हू, म्हणजे बारीक शेवयांची दाट पेज, वर हवं ते घालून घ्यायचं. आलं घालून मातीच्या भांड्यात शिजवलेलं बदक थंडीत खास. वाळूतल्या अळ्यांची पारदर्शक जेलीही मिळते. तिथल्या लोकांना तिचा फार अभिमान आहे. मला ती आवडली नाही.

शानथौला तर खाण्यासाठीच जावं. गोमांसाचं हॉटपॉट तिथे प्रसिद्ध आहे. ते चालत नसेल तर मासळी आणि तांदळाच्या पेजेवर दोन दिवस आनंदात जातात. जुन्या शहरात खाली दुकानं, वर घरं आणि फुटपाथावर आलेल्या कमानी अशा इमारतींच्या रांगा आहेत.

पैसे कसे द्यायचे?

अलीपे किंवा वीचॅट पे या चिनी पेमेंट अॅपने. दोन्हींत भारतीय व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा आणि ओळख पडताळणी घरूनच उरका. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यावर 3 टक्के लागतो. 2025मध्ये एक युआन म्हणजे ढोबळ 12 रुपये होते. यूपीआयच्या भरवशावर राहू नका. थोडे रोख युआन जवळ असावेत. फोनची बॅटरी संपली की सगळंच अडतं.

पॉवर बँकबद्दल एक सूचना: जून 2025पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत '3सी' हा चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्यांवर तो सहसा नसतो. सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

व्हॉट्सअॅप, गूगल चालतं का?

हॉटेलच्या वायफायवर नाही. भारतीय सिमचं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम वापरलं तर सहसा चालतं. गूगल मॅप्स चाललं तरी उपयोगाचं नाही, जागा चुकीच्या दाखवतं. अलीबाबाचं आमाप नावाचं नकाशा-अॅप इंग्रजीतही आहे, ते घ्या.

छोटी हॉटेलं परदेशी माणसाला घेत नाहीत, हे खरं का?

परदेशी म्हणून नाकारू नका, असं सरकारने 2024मध्ये बजावलं आहे. तरी छोट्या लॉजमधल्या माणसाला पासपोर्टची पोलिस-नोंदणी कशी करायची ते माहीत नसतं आणि तो हात वर करतो. बुकिंग झाल्यावर 'परदेशी पासपोर्ट चालेल ना' असा संदेश पाठवून उत्तर घ्या. ओळखीच्या घरी राहणार असाल तर 24 तासांत पोलिसांकडे नोंद तुम्हालाच करावी लागते.

निंगबो, यान्ताय, बेहाय यांच्याबद्दल थोडक्यात?

निंगबोला मी दुसरा नंबर देईन. 1561मध्ये सुरू झालेलं थ्येन-ई खाजगी ग्रंथालय तिथे आहे. वांग शू या वास्तुरचनाकाराने पाडलेल्या खेड्यांतल्या जुन्या विटा-कौलांतून उभारलेलं इतिहास संग्रहालयही तिथेच. शहराबाहेर सम्राट अशोकाच्या नावाचं मंदिर आहे, त्यात बुद्धाचा अस्थि-अवशेष असल्याची श्रद्धा आहे. समोरच्या द्वीपसमूहात फूथुओ बेट म्हणजे क्वानयिन देवीचं, म्हणजे अवलोकितेश्वराचं क्षेत्र. पायऱ्या चढणारे, तीन पावलांवर एकदा लोटांगण घालणारे यात्रेकरू तिथे दिसतात.

यान्तायमध्ये जुने परदेशी वकिलातींचे बंगले असलेली टेकडी आणि 1892 साली सुरू झालेल्या छांग-यू वाइन कंपनीचं तळघर. तिथून दालियानला फेरीबोट जाते, सहा-सात तास. रात्रीची घेतली तर हॉटेलचा खर्च वाचतो. दालियानमध्ये रशियन आणि जपानी काळातल्या इमारती आणि 1909पासूनची ट्राम.

बेहाय म्हणजे लांब वाळूचा किनारा आणि वेचौ हे ज्वालामुखीतून तयार झालेलं बेट. किनाऱ्यासाठी तेवढ्या लांब जाऊ नये, तो आपल्या कोकणातही आहे. शेजारच्या हफू या हान काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, बंदरासाठी मात्र जावं.

लोक कसे वागतात? भारतीय म्हणून अडचण?

कुतूहल जास्त. आमिर खानचं नाव निघतंच. वयस्कर माणसांना कधी कधी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. तिकडे त्यांना ख तिहुआ म्हणतात. इंग्रजी जवळपास कुणाला येत नाही, भाषांतराचं अॅप पुढे धरूनच गप्पा होतात. सीमाप्रश्नावर वाद घालू नका.

आईला घेऊन जायचं आहे. तिच्यासाठी काही?

श्युनफू गाव. छ्वानचौच्या खाडीवरच्या या कोळीवाड्यातल्या बायका डोक्यामागे अंबाडा घालून त्याभोवती ताज्या कळ्यांच्या एकावर एक वेढण्या बांधतात, आपल्या गजऱ्यासारख्याच, पण तीन-चार थरांच्या. हल्ली पर्यटक मुलीही तशी वेणी घालून घ्यायला रांगा लावतात, त्यामुळे शनिवार-रविवारी गाव जत्रेसारखं भरतं. सकाळी लवकर जा, म्हणजे मासळी विकायला बसलेल्या खऱ्या आज्या भेटतील. गल्ल्यांत शिंपल्यांच्या भिंतीही बघा: हाताच्या तळव्यापेक्षा मोठे कालवांचे शिंपले तिरके, एकावर एक रचलेले.

स्टेशनांत चालणं भरपूर आहे आणि बऱ्याच ठिकाणी उकिडवं बसायची शौचालयं असतात, हे आधी सांगून ठेवा.

श्यामेनहून समोर दिसणारं चिनमन बेट बघून परत येता येईल?

ते तैवानच्या ताब्यात आहे. तिथे जायला तैवानची वेगळी परवानगी हवी आणि परतायला चीनचा एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा. एकदाच प्रवेश असलेला व्हिसा घेऊन फेरीबोटीत बसलात तर परत येता येणार नाही. श्यामेनच्या किनाऱ्यावरूनच बघा.

काय आणावं?

चहा. थ्येक्वानयिन हा ऊलुंग चहा छ्वानचौच्याच आन्शी तालुक्यातला. दुकानात गेलात की बसवतात, बोटभर उंचीच्या पेल्यांत एकामागून एक पाणी ओतून तोच चहा पाजतात; पहिलं पाणी टाकून देतात. चव तिसऱ्या-चौथ्या पेल्याला उघडते, तोवर भाव विचारू नका. घ्यायचा तर पन्नास ग्रॅम घेतला तरी चालतं. आणि सामानात जागा असेल तर त-हुआ तालुक्याची पांढरीशुभ्र चिनी मातीची भांडी. छोटे पेले हातातल्या बॅगेत येतात, मूर्ती मात्र दुकानदाराकडूनच लाकडी खोक्यात भरून घ्या.